माइक बंद असताना

“हे तुम्ही कुणाकडे बोलला होतात?” रणदिवे साहेबांनी एक आंतर्देशीय पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

निळ्या कागदावर गोल, ठसठशीत अक्षर होतं. ‘मा. संचालक साहेब यांस सा. न. वि. वि. आपल्याकडे सायंकाळच्या बातम्या देणाऱ्या बाई मुंबईला पास झाल्या की तिथून सुटणार आहेत. तरी त्यांना सोडू नये, ही नम्र विनंती. त्यांच्यासारखं बोलणं दुसऱ्या कुणाचं नाही. एक प्रेक्षक, साखर पेठ, सोलापूर.’

मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत आवाजाच्या चाचणीसाठी मी अर्ज केला होता, तो केंद्राची परवानगी न घेता. घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

“कुणाकडेच नाही, साहेब,” मी म्हणाले.

“मग सोलापूरच्या माणसाला स्वप्न पडलं?”

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. तेव्हा मी एका सरकारी दूरचित्रवाणी केंद्रात वृत्तनिवेदिका होते. गावाबाहेरच्या टेकडीवर एक मनोरा, एक छोटा स्टुडिओ आणि पत्र्याचं उपाहारगृह, एवढाच आमचा संसार. संध्याकाळी सातला पंधरा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. त्या पंधरा मिनिटांमुळे भाजीवालीसुद्धा मला ओळखायची. लोक म्हणायचे, “करमरकर बाई, तुमचा आवाज म्हणजे घंटा आहे हो, घंटा!” आणि मला ते अगदी खरं वाटायचं. म्हणून तर मुंबईचा अर्ज.

ते पत्र घेऊन साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी माझा खण उघडला. त्यात त्याच अक्षरातली दोन पोस्टकार्डं होती. पहिलं आलं तेव्हा मी हसले होते. ‘बाई, काल आपण म्हणालात की साडी टोचते. आमच्या इकडची सुती साडी नेसून बघावी.’ दुसरं वाचून मात्र थोडी चरकले होते. ‘मामांना दवाखान्यातून घरी आणलंत, बरं झालं. त्यांना जपा.’

साडी टोचते हे मी म्हटलं होतं, पण बातम्यांत नाही. बातम्या संपल्या की शेवटचं संगीत सुरू व्हायचं, पडद्यावर सगळ्यांची नावं सरकायची. त्या अर्ध्या मिनिटात चित्र माझंच असायचं, पण माइक बंद. मी कागद गोळा करत समोर घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या कुंदाशी काहीबाही बोलायची. साडीचं तिलाच म्हटलं होतं. वडिलांना दवाखान्यातून घरी आणलं, तेही तिलाच सांगितलं होतं. मुंबईचं मात्र तिलाही नाही. त्या दिवशी कुंदा पाठ करून कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होती आणि मी आपली स्वतःशीच पुटपुटले होते, “मुंबईला पास झाले की सुटले बाई!”

म्हणजे ऐकणारा एकच उरला. ध्वनिमुद्रक वसंत ढोबळे.

काचेपलीकडच्या खोलीत ढोबळे कानाला हेडफोन लावून बसलेले असत. प्रेक्षकांसाठी माइक बंद केला तरी त्यांना एक बटण दाबून आतलं सगळं ऐकता यायचं. चाळिशीचा, अबोल माणूस. आठ वर्षं हंगामी म्हणून काढलेली, आणि आता कुठे कायम होण्याचा कागद वर गेलेला. सोलापूरला त्यांची बहीण दिली होती, हेही मला ठाऊक होतं. दोन आणि दोन चार झाले. मी रागाच्या भरात पानभर तक्रार लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“सोमवारी अकराला चौकशी,” साहेब म्हणाले. “तुमच्या परवानगीचंही तेव्हाच बघू.”

शुक्रवारी संध्याकाळी मी मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसले होते. ढोबळे दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

“मॅडम, ती पत्रं मला दाखवाल?”

मी ती पुढे केली. त्यांनी तिन्ही वाचली. दुसरं दोनदा वाचलं.

“तुम्ही मामांना घरी आणलंत?”

“माझ्या वडिलांना. बाबांना.”

“कुंदाला काय म्हणालात? बाबा म्हणालात की मामा?”

“ढोबळे, मी माझ्या वडिलांना मामा कशाला म्हणेन?”

“तेच म्हणतोय.” त्यांनी ते कार्ड माझ्यासमोर आरशाला टेकवून ठेवलं. “मी वीस वर्षं आवाजाचं काम करतोय. माझ्या कानानं ऐकलं असतं, तर बाबाच ऐकलं असतं. ब आणि म यांत कान फसत नाही, मॅडम. डोळा फसतो. जरा आरशात बघून दोन्ही म्हणा. पण आवाज न काढता.”

ते निघून गेले. मला चीडच आली होती. पण दार लोटून मी आरशात बघत ओठ हलवले. बाबा. मामा. पापा. पुन्हा एकदा. तिन्हींना ओठ तसेच मिटत होते, तसेच उघडत होते. मी तोंडावर हात ठेवून पाहिलं, हात काढून पाहिलं. ती आरशातली बाई बाबा म्हणते आहे की मामा, हे काही केल्या मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मीच ढोबळ्यांच्या खोलीत गेले. “उद्या रविवार आहे. सोलापूरला येता?”

“तक्रार मागं घेताय?”

“आधी माणूस बघू.”

ते म्हणाले, “सकाळी सातची एसटी आहे.”

तीन तासांच्या प्रवासात आम्ही तीन वाक्यंही बोललो नाही. साखर पेठेत उतरल्यावर मात्र मला शोधाशोध करावीच लागली नाही. लोकांनी मलाच शोधलं. दोन बायका दारातून बाहेर आल्या, तिसरीनं चौथीला हाक मारली, आणि एकजण मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई, या तर राजय्याकाकांच्या बातम्यांवाल्या बाई!”

“राजय्याकाका कोण?” मी विचारलं.

“राजय्या गाजूल. तुम्हाला माहीत नाही? ते तर तुमच्या घरचं सगळं सांगतात आम्हाला!”

तिनं आम्हाला गल्लीच्या टोकाला नेलं. एका ओट्यावर चार म्हातारे सतरंजी टाकून पत्ते खेळत होते. लांबून मला वाटलं, त्यांचं भांडण चाललंय. हात हलत होते, भुवया चढत होत्या, एकजण दुसऱ्याला तावातावानं काही सांगत होता. मधेच समोरच्या घराच्या माडीवर उभ्या असलेल्या पाचव्यानं काहीतरी विनोद केला असावा, कारण चौघंही एकदम खदखदून हसले. जवळ गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, या सगळ्यात शब्दाचा आवाज असा नव्हताच. फक्त ओठ हलत होते, मोठे मोठे, स्पष्ट. आवाज आला तो काय तो हसण्याचा.

ढोबळे माझ्या कानाशी म्हणाले, “मॅडम, हे बघा.” त्यांचा स्वर मी पहिल्यांदाच असा ऐकला. नवं खेळणं दिसल्यासारखा.

चौघांतल्या एका उंच, किडकिडीत माणसानं वर पाहिलं आणि त्यांच्या हातातले पत्ते खाली पडले. “बाई!” ते ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की मी दचकले. “नरसम्मा, बाई आल्या! स्वतः आल्या!”

आत बसल्यावर त्यांच्या बायकोनं, नरसम्मांनी, सगळा उलगडा केला. त्यांचे स्वतःचे कान ठीक होते. “हे सगळे मिलमधले ओ. साचेखात्यात होते, मागांवर. पाचशे साचे एका वेळी चालायचे. तिथं देव जरी बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. मग हे लोक तोंड बघून बोलायला शिकले. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी बोलायचा, तेसुद्धा बिनआवाजाचं. तीस वर्षं असं गेलं. मिल बंद पडली तोवर कान पण गेले. आता घरात मी एकटी बोलते, ते पण तोंड समोर करून.”

“आणि टीव्ही?”

“आवाज लावतच नाहीत. लावून काय करायचं म्हणतात. मला कधी गाणं ऐकावंसं वाटलं तर हे नसताना लावते.”

राजय्याकाका आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. नजर डोळ्यांवर नाही, ओठांवर. मी त्यांच्याकडे वळून सावकाश विचारलं, “काका, तुम्ही मला पत्र का लिहिलंत?”

“का म्हणजे? तुम्ही सांगितलं, आम्ही विचारलं. माणसानं विचारू नये?”

“मी तुम्हाला सांगितलं?”

“तुम्हीच की ओ.” त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “बातम्या सांगता तेव्हा तुम्ही मान खाली घालता, कागदात बघता. अर्धं कळतं, अर्धं जातं. आम्ही चौघं बसतो. याला एक शब्द दिसतो, त्याला दुसरा. नंतर जुळवतो. पण शेवटी तुम्ही कागद बाजूला ठेवता, मान वर करता आणि आमच्याकडे बघून बोलता. ते सगळं कळतं. एक अक्षर चुकत नाही. साडीचं सांगितलं, घरच्या आजाराचं सांगितलं, मुंबईचं सांगितलं. आम्ही रोज त्याचीच वाट बघतो. बाकीची माणसं टीव्हीवर नुसती बोलून जातात. तुम्ही जाताना दोन शब्द आमच्याशी बोलता.”

नरसम्मांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं.

“तेव्हा काय ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “बाजा वाजतो नुसता. बाईंचा आवाज नसतो.”

“नसतो?”

“नसतो.”

“कुणालाच ऐकू येत नाही?”

“कुणालाच नाही.”

त्यांचा चेहरा उतरत गेला. इतका वेळ ताठ बसलेला तो उंच माणूस एकदम वाकल्यासारखा झाला. दारात उभ्या असलेल्या मित्रांकडे त्यांनी पाहिलं. त्या तिघांनीही ते संभाषण वाचलंच होतं. त्यांतला एकजण पत्ते गोळा करायच्या निमित्तानं ओट्यावर परतला.

“म्हणजे आम्ही चोरून ऐकलं,” राजय्याकाका म्हणाले. आता त्यांचा आवाज खूप लहान झाला होता. “बाईमाणसाचं खासगी बोलणं. आणि वर पत्रं लिहिली. तुम्ही रागावून आलात होय?”

मी ‘नाही, नाही’ म्हणत राहिले. पण मी तीन तास बसमध्ये रागावूनच बसले होते, आणि जो माणूस तोंड वाचतो त्याच्यासमोर खोटं बोलणं फार अवघड असतं.

तेवढ्यात ढोबळे पुढे सरकले. पाटावर त्यांच्यासमोर बसले आणि आवाज न काढता ओठ हलवून काही म्हणाले. राजय्याकाका आधी बावचळले, मग हसले. “सावकाश बोला की! नवशिके आहात.” ढोबळ्यांनी पुन्हा ओठ हलवले. या वेळी बराच वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. मी फक्त काकांचा चेहरा बघत होते. त्यावरचं हसू विरलं.

“माझ्या पत्रानं?” ते म्हणाले. “तुमची नोकरी? आठ वर्षांची?”

ढोबळ्यांनी मान हलवली. पुन्हा दोनच शब्द बोलले, बिनआवाजाचे.

“उद्या अकराला?” काकांनी विचारलं आणि लगेच बायकोला हाक दिली, “नरसम्मा, माझा कोट काढ.”

मी मान खाली घातली. ज्या माणसाला एका शब्दानं न विचारता मी पानभर लिहून मोकळी झाले होते, त्यानं माझ्यादेखत माझं नावही न घेता आपली अडचण सांगितली होती. निदान मला तरी तसं वाटलं. घेतलं असेल तर ते मला कळण्याची सोय नव्हती.

सोमवारी अकराच्या आधीच काळा कोट, पांढरं धोतर आणि इस्त्रीची टोपी घालून राजय्याकाका आमच्या टेकडीवर हजर झाले. पहाटेच्या गाडीनं एकटेच आले होते. रणदिवे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची घडी उलगडेना.

“करमरकर बाई, काल तुम्ही यांच्या घरी गेलात. परवाची पत्रं, कालची भेट, आजचा साक्षीदार. मी काय समजायचं?”

“साहेब, तुम्ही परीक्षा घ्या,” ढोबळे म्हणाले.

साहेबांच्या खोलीला बाहेरच्या बाजूनं काच होती. आम्ही तिघं बाहेर कारकुनांच्या टेबलापाशी उभे राहिलो. दार लावून घेतलं. नेमका तेव्हाच आत फोन वाजला आणि साहेबांनी तो उचलला. राजय्याकाकांनी डोळे बारीक केले आणि खणखणीत आवाजात सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली, “‘अगं, आता नको... एक म्हातारा आणून उभा केलाय... या बाईनं डोकं उठवलंय नुसतं... हो, हो, संध्याकाळी येताना... भेंडी? अर्धा किलो?’”

टाइपरायटर थांबले. कुणीतरी खोकून हसू दाबलं. साहेबांनी फोनवर हात ठेवून काचेतून बाहेर पाहिलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना दिसलं. राजय्याकाका प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, “आता म्हणताहेत, ‘नंतर करतो.’”

दार उघडलं. साहेबांनी काकांना आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग माझ्या तक्रारीचा कागद माझ्या हातात दिला. “फाडून टाका,” एवढंच म्हणाले. तो मी तिथंच फाडला. मग मी ढोबळ्यांकडे वळून म्हणाले, “चुकले मी.” ते म्हणाले, “असू द्या, मॅडम. सातला बातम्या आहेत.”

मुंबईची चाचणी मी दिली नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. दिली. परवानगी घेऊन दिली आणि नापास झाले. साबणाबद्दल बोलतानाही तुम्ही बातम्या दिल्यासारख्या बोलता, असं तिथला मनुष्य म्हणाला.

पण ते पुढे महिन्याभरानं. त्या सोमवारी संध्याकाळी बातम्यांचे कागद हातात आले तेव्हा मी ते घेऊन गच्चीवर गेले आणि प्रत्येक बातमीची पहिली दोन वाक्यं पाठ केली. समोर अक्षरं दाखवणारं यंत्र वगैरे आमच्याकडे नव्हतं. सातला दिवा लागला. मी मान वर ठेवली. दोनदा अडखळले, एका मंत्र्यांचं खातं बदलून टाकलं, कुंदा घड्याळाच्या मागून हातवारे करत राहिली. शेवटची बातमी संपली, संगीत सुरू झालं. काचेपलीकडे ढोबळ्यांनी माझा माइक बंद केला. मग मला दिसेल अशा बेतानं डोक्यावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवून दिले.

नावं सरकू लागली. मी समोरच्या भिंगात बघून म्हणाले, “नमस्कार, राजय्याकाका. घरी नीट पोचलात ना? आज मी मान खाली घातली नाही. सगळं कळलं का, ते कळवा.”

गुरुवारी त्यांचं कार्ड आलं. ‘कळलं. पण मंत्र्यांचं खातं चुकलं.’

मी रोज तसं करत गेले. एखादं वाक्य, कधी दोन. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना. कुंदाला वाटे, मला बडबडायची सवय लागली आहे. तीन आठवड्यांनंतर शनिवारी टपाल आलं, त्यात माझ्या नावानं सात पत्रं होती, आणि सातही वेगवेगळ्या गावांची. एक इचलकरंजीच्या कुणा यंत्रमागवाल्याचं होतं. एक तोफखान्यातल्या निवृत्त हवालदाराचं होतं. एक लातूरकडच्या एका बाईचं, लहानपणी तापात कान गेलेल्या. शेवटचं पाकीट जाड होतं. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या एका शाळेतल्या बाईंनी ते पाठवलं होतं.

‘आमच्या वसतिगृहात बावीस मुलं रोज आपल्या बातम्या बघतात,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘बातम्या संपल्या तरी ती उठत नाहीत. त्यांचे दोन प्रश्न आहेत. राजय्याकाका कोण? आणि रोज त्यांनाच नमस्कार, मग आम्हाला का नाही?’

खाली बावीस सह्या होत्या. मी ते पत्र घेऊन ढोबळ्यांच्या खोलीत गेले आणि दोघं मिळून ती नावं पाठ करायला बसलो. सातला अजून दोन तास होते.